पट्टीवरचं बारीक नाव : बीपीच्या गोळ्या ओळखाव्यात कशा, घ्याव्यात कशा

निपाणीचा माणूस बीपी दाखवायला कोल्हापूरला जातो, अथणी-कागवाडकडचा मिरज गाठतो, खानापूरचा कधी बेळगावात तर कधी गोव्यात. मधेच ताप-खोकला झाला की गावातले डॉक्टर, आणि महिन्याच्या गोळ्या जमल्या तर सरकारी दवाखान्यातून. चार ठिकाणच्या चिठ्ठ्या आणि पट्ट्या एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत साठत जातात. त्यातल्या दोन गोळ्या मुळात एकच आहेत, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. टेल्मा, टेल्मिकाइंड, टेल्वास ही नावं तीन, पण आत टेल्मिसार्टनच. अ‍ॅम्लॉन्ग, अ‍ॅम्लोकाइंड, स्टॅम्लो यांचंही तसंच, तिन्हींत अ‍ॅम्लोडिपिन. एका पट्टीतली सकाळी आणि दुसरीतली रात्री घेणारा नकळत दुप्पट डोस घेतो. मग उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि 'अशक्तपणा आलाय' म्हणून तो सलाइन लावून घेतो. म्हणजे बीपीच्या माणसाला वर मिठाचं पाणी.

म्हणून खाली गोळ्यांची ओळख कंपनीच्या नावाने नाही, घटकाच्या नावाने करून दिली आहे. दवाखाना बदलला, राज्य बदललं, चिठ्ठीची भाषा बदलली, तरी ते नाव बदलत नाही.

पट्टी आणि पाकीट वाचायचं कसं

पट्टीवर मोठ्या, रंगीत अक्षरांत असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. त्याच्या आसपास किंवा मागच्या बाजूला साध्या अक्षरांत एक लांबलचक नाव असतं, बहुतेकदा 'टॅब्लेट्स आयपी' असं जोडलेलं. ते औषधाचं खरं नाव. त्याच्या पुढचा मिलिग्रॅमचा आकडा म्हणजे ताकद. हे दोन्ही मिळून औषध ठरतं. नुसतं 'छोटी पांढरी गोळी' सांगून डॉक्टरांना काहीच कळत नाही, कारण बीपीच्या निम्म्या गोळ्या छोट्या आणि पांढऱ्याच असतात.

नावापुढची इंग्रजी अक्षरं नीट पाहा, कारण ती दुसरं औषध मिसळल्याची खूण असते. 'एएम' असेल तर सोबत अ‍ॅम्लोडिपिन, 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड, 'सीटी' म्हणजे क्लोर्थालिडोन, 'एलएन' म्हणजे सिल्निडिपिन. अ‍ॅम्लोडिपिनच्या नावापुढे 'एटी' आलं तर त्यात अटेनोलॉल आहे. प्रत्येक कंपनी हेच संकेत पाळते असं नाही, म्हणून मागची बारीक अक्षरं वाचूनच खात्री करा. मेडिकलमध्ये 'तीच द्या' म्हणताना हे एक अक्षर सुटलं, तर एका औषधाच्या जागी दोन औषधं घरी येतात.

आणखी एक गोष्ट बारीक वाटेल, पण घोटाळा तिथेच होतो. पाच-पाच गोळ्या सुट्या घेतल्या की दुकानदार कात्रीने पट्टी कापून देतो. मुदतीची तारीख आणि बॅच नंबर पट्टीच्या एका टोकाला छापलेले असतात, ते टोक दुकानातच राहतं. तुमच्या हातात येतो तो अर्धवट नावाचा तुकडा. बीपीची गोळी रोजचीच आहे, तर अख्खी पट्टी घ्या. पट्टीत १० किंवा १५ गोळ्या असतात, त्या हिशोबाने महिन्याला तीन किंवा दोन पट्ट्या. पट्टी फोडायला सुरुवात करताना तारखेच्या विरुद्ध टोकाकडून करा.

कर्नाटकातल्या सरकारी दवाखान्यातल्या पाकिटावर कन्नडमध्ये लिहिलेलं असतं. बेळिग्गे म्हणजे सकाळी, मध्यान्ह म्हणजे दुपारी, संजे म्हणजे संध्याकाळी, रात्री म्हणजे रात्रीच. ऊटक्के मोदलु हे जेवणाआधी, ऊटद नंतर हे जेवणानंतर. मात्रे म्हणजे गोळी, दिनक्के ओंदु म्हणजे दिवसाला एक, आणि रक्तदोत्तड म्हणजे आपला रक्तदाब. बोलायला कन्नड येतं पण वाचता येत नाही, अशी मंडळी सीमाभागात पुष्कळ आहेत. त्यांनी खिडकीवरच १-०-० किंवा १-०-१ असं आकड्यांत लिहून मागावं. हे आकडे सकाळ-दुपार-रात्र अशा क्रमाने असतात आणि कोणत्याही लिपीत चालतात. चिठ्ठीवर 'ओडी' असेल तर दिवसातून एकदा, 'बीडी' असेल तर दोनदा, 'एचएस' असेल तर झोपताना.

गोळीआधी आकडा खरा हवा

चुकीच्या आकड्यावर सुरू झालेली किंवा वाढवलेली गोळी त्रासच देते. दवाखान्यात जिना चढून गेल्या गेल्या, गप्पा मारत, स्वेटरच्या बाहीवरून पट्टा बांधून घेतलेलं बीपी हे बीपीच नव्हे.

घरी मोजायचं तर दंडाला बांधायचं डिजिटल यंत्र घ्या. मनगटाच्या यंत्रांवर फार विसंबू नये. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, लहान पट्ट्यात आकडा फुगतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, मिश्री नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, मांडी न घालता ५ मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर, दंड छातीच्या पातळीत. एकदा मोजा, मिनिटभर थांबा, पुन्हा मोजा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, असं ७ दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि उरलेल्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर, अथवा दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा वर, म्हणजे बीपी आहे.

पहिल्यांदा दोन्ही हातांत मोजा आणि ज्या हातात जास्त येतं तोच पुढे कायम धरा. वयस्कर माणसाचं उभं राहिल्यावर १ ते ३ मिनिटांनीही एकदा पाहावं. बसून १५० आणि उभं राहून १२० येत असेल, तर गोळी वाढवण्याआधी डॉक्टरांना हे सांगायलाच हवं, नाहीतर पहाटे परसाकडे जाताना माणूस पडतो.

अ‍ॅम्लोडिपिन

सरकारी दवाखान्यात बहुधा पहिली मिळणारी हीच. २.५, ५ आणि १० मिलिग्रॅम. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू ही सैल करते आणि नळी रुंदावली की दाब उतरतो. रक्तात ती निम्मी व्हायला ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे दिवसातून एकदा पुरते आणि एखाद्या दिवशी उशीर झाला तरी बीपी लगेच उसळत नाही. पूर्ण असर दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी 'उतरलं नाही' म्हणून डॉक्टर बदलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

हिचा ओळखीचा त्रास म्हणजे घोट्याला सूज. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो, मोज्याची वळ उमटते, बोटाने दाबलं की खड्डा पडतो. लोकांना वाटतं किडनीत पाणी झालं. बहुतेक वेळा तसं नसतं. बारीक धमन्या रुंदावतात, शिरा तेवढ्या रुंदावत नाहीत, आणि केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपून पायात उतरतं. अंगात पाणी साठल्यामुळे आलेली ही सूज नसल्याने लघवीची गोळी देऊन ती फारशी हटत नाही. १० च्या डोसला ती ५ पेक्षा पुष्कळ जास्त दिसते, बायकांमध्येही जास्त. उपाय तीन: डोस कमी करणं, सोबत टेल्मिसार्टनसारखं औषध जोडणं (त्याने शिराही सैलावतात आणि सूज घटते), किंवा बदलून सिल्निडिपिन १० देणं. सूज एकाच पायाला असेल, पोटरी दुखत असेल किंवा दमही लागत असेल, तर मात्र गोळीला दोष देत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

काहींना हिरड्या सुजतात. ब्रश करताना रक्त येतं म्हणून ते दाताच्या डॉक्टरांकडे जातात आणि बीपीची गोळी सांगायची राहते.

एस-अ‍ॅम्लोडिपिन नावाचा प्रकारही मिळतो. त्याची २.५ ची गोळी साध्या अ‍ॅम्लोडिपिनच्या ५ बरोबर असते. आकडा लहान दिसला म्हणून दोन घेऊ नका.

सार्टन आणि प्रिल

टेल्मिसार्टन २०, ४०, ८०. लोसार्टन २५, ५०, १००. ओल्मेसार्टन १०, २०, ४०. नावाच्या शेवटी 'सार्टन' दिसलं की एकच घराणं. शरीरातलं अँजिओटेन्सिन नावाचं द्रव्य रक्तवाहिन्या आवळतं आणि मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं, त्याचं काम ही औषधं अडवतात. मधुमेह असून लघवीतून प्रथिनं जात असतील, तर ही गोळी नुसतं बीपी उतरवत नाही, किडनीही राखते. मधुमेह्याला हिच्याऐवजी दुसरंच काही चालू असेल तर 'का?' हे डॉक्टरांना विचारायला संकोचू नका.

सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर २ ते ४ आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) आणि पोटॅशियम तपासायचं. क्रिएटिनिन थोडं वाढणं अपेक्षितच असतं. आधीच्या आकड्याच्या ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर सहसा गोळी बंद करत नाहीत, त्याहून जास्त वाढलं तर कारण शोधतात. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर लगेच भेटायचं. पोटॅशियम वाढल्याचं बाहेरून काही दिसत नाही आणि हृदयाचे ठोके मात्र बिघडू शकतात, म्हणून ही तपासणी टाळू नये.

टेल्मिसार्टनची एक खोड आहे: ती हवेतली ओल ओढते. पट्टीतून काढून डबीत ठेवलेली गोळी काही दिवसांत मऊ पडते, कडेने भुगा होतो. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात तर घरातलं मीठही पाझरतं, मग गोळीचं काय? आठवड्याच्या सात खणांच्या डबीत भरायची सवय असेल, तर पट्टी कात्रीने एकेका गोळीपुरती कापून, न फोडता खणात टाका. घेतेवेळीच फोडा. फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही. चुलीच्या वरची फळी आणि न्हाणीचा कोनाडा तेवढा टाळा.

'प्रिल' हे त्यांचं चुलत घराणं: एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल. काम जवळपास तेच, पण दहातल्या साधारण एकाला कोरडा, घशात खवखवणारा खोकला लागतो. कफ नाही, ताप नाही, रात्री जास्त. खोकल्याची औषधं, मग अँटिबायोटिक, मग छातीचा फोटो असं करत माणूस हिंडतो आणि खोकला थांबत नाही. गोळी बदलून सार्टन दिलं की बहुधा १ ते ४ आठवड्यांत जातो. क्वचित याच गोळीने ओठ, जीभ, चेहरा सुजतो. ती तातडीची वेळ, गोळी बंद आणि थेट दवाखाना.

प्रिल आणि सार्टन दोन्ही एकत्र घ्यायची नसतात. फायदा वाढत नाही, किडनी आणि पोटॅशियमचा धोका वाढतो. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांमध्ये ही जोडी नकळत जमते, तेव्हा पिशवी एकदा याच नजरेने तपासा.

लघवीची गोळी

क्लोर्थालिडोन ६.२५, १२.५ आणि २५, हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ आणि २५, इंडापामाइड १.५. किडनीवाटे मीठ बाहेर टाकणं हे यांचं काम. 'लघवीची गोळी' म्हटलं की लोक घाबरतात, पण बीपीसाठीचा डोस लहान असतो आणि पहिल्या काही दिवसांनंतर फेऱ्या फारशा वाढलेल्या राहत नाहीत. सकाळी घ्यायची, म्हणजे झोप मोडत नाही. क्लोर्थालिडोनचा असर हायड्रोक्लोरोथायाझाइडपेक्षा जास्त वेळ टिकतो.

बिघडतं काय? सोडियम आणि पोटॅशियम उतरतं, युरिक अ‍ॅसिड वाढतं, साखर थोडी वर जाते. पायाचा अंगठा रात्रीतून लाल होऊन ठणकायला लागला तर गाऊटची, म्हणजे युरिक अ‍ॅसिडने सांधा सुजण्याची, शंका घ्या. सडपातळ, वयस्कर, कमी जेवणाऱ्या बायकांना सोडियम उतरण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आजी गप्प गप्प राहते, बोलताना गोंधळते, तोल जातो, मळमळतं. घरचे 'वय झालं' म्हणतात. रक्तातलं सोडियम तपासा.

फुरोसेमाइड आणि टॉर्सेमाइड या जोरदार लघवीच्या गोळ्या हृदय किंवा किडनी अशक्त असताना पाणी काढायला देतात. साध्या बीपीसाठी त्या पहिली निवड नव्हेत.

बीटा-ब्लॉकर आणि बाकीच्या

अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिवोलॉल. यांनी नाडी मंदावते. हार्ट अटॅक येऊन गेलेला, छातीत दुखण्याचा आजार, हृदय अशक्त, ठोके अनियमित, अशा माणसाला त्या हव्यातच. नुसत्या बीपीला पहिली गोळी म्हणून आता त्या सहसा देत नाहीत. वर्षानुवर्षं फक्त अटेनोलॉल चालू असलेले वडीलधारे अजून गावोगाव दिसतात. त्यांनी फेरविचारासाठी एकदा दाखवावं, पण गोळी स्वतःच्या मनाने अचानक थांबवू नये. थांबवली तर नाडी आणि बीपी उसळी घेतात, हृदयरोग्याला अटॅकही येऊ शकतो. ती डोस उतरवत हळूहळू सोडवायची असते.

दम्याच्या माणसाने डॉक्टरांना दमा आहे हे सांगितल्याशिवाय यांतली एकही घेऊ नये. मधुमेह्याची साखर उतरल्यावर होणारी थरथर आणि धडधड या गोळीने झाकली जाते, घाम मात्र येतो. तेव्हा घाम हीच खूण धरा. नाडी ५० च्या खाली आणि चक्कर, असं असेल तर पुढची गोळी घेण्याआधी फोन करा. जास्त वेळ सुटत राहणारी 'एक्सएल' किंवा 'ईआर' गोळी चावू नका, खलबत्त्यात कुटू नका. मधे रेघ असली तरी अर्धी करायची ती विचारूनच.

तीन औषधांनंतरही बीपी हटत नसेल तर स्पायरोनोलॅक्टोन २५ जोडतात. तिने पोटॅशियम वाढतं आणि काही पुरुषांना छाती दुखरी होऊन सुजते. पुरुष हे लाजेने सांगत नाहीत आणि गोळी गुपचूप सोडतात. सांगा, पर्याय आहे. प्राझोसिनची पहिली मात्रा रात्री अंथरुणावर बसूनच घ्यायची, कारण घेऊन उभं राहिलं की माणूस कोसळू शकतो. क्लोनिडिन अचानक बंद केली तर बीपी आधीपेक्षाही वर उडतं.

डॉक्टर पायऱ्या कशा चढतात

देशातल्या सरकारी दवाखान्यांत बीपीसाठी जी शिडी रूढ होत आली आहे ती साधारण अशी: अ‍ॅम्लोडिपिन ५ पासून सुरुवात, महिन्याने बीपी आटोक्यात नसेल तर टेल्मिसार्टन ४० जोडणं, मग या दोघांचे डोस वाढवणं, तरीही नाही तर क्लोर्थालिडोन. खाजगीत पुष्कळदा दोन औषधांची एकच गोळी पहिल्यापासून देतात, आणि बीपी १६०/१०० च्या वर असेल तर ते रास्तच आहे. डोस दुप्पट केल्याने परिणाम दुप्पट होत नाही, त्रास मात्र वाढतो. दोन वेगवेगळ्या वाटांनी काम करणारी औषधं थोडी थोडी दिली तर जास्त उतरतं. 'मला दोन-दोन गोळ्या लावल्या म्हणजे माझं फार बिघडलंय' ही भीती म्हणून खरी नाही.

१४०/९० च्या खाली आणणं ही पहिली पायरी. मधुमेह, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल आणि सोसत असेल तर १३०/८० च्या खाली. ऐंशीच्या पुढच्या माणसाला घाईने खाली आणू नये. बीपी आटोक्यात येईपर्यंत महिन्याला फेरी, नंतर तीन महिन्यांनी. सुरुवातीला आणि पुढे वर्षातून एकदा क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, लघवीतलं अल्ब्युमिन आणि ईसीजी.

रोजचं घेणं, उपवास आणि वारी

सकाळी की रात्री, याने फारसा फरक पडत नाही. रोज ठरलेली वेळ महत्त्वाची. लघवीची गोळी तेवढी सकाळी. एखादी चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्या, दोन एकदम नाहीत. तपासायला जाताना 'आज बीपी बघणार म्हणून गोळी घेतली नाही' असं बरेच जण करतात. डॉक्टरांना तर गोळी घेऊन बीपी किती राहतं हेच पाहायचं असतं.

एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्रातले उठता-बसता उपवास, रमजानचे रोजे, यांत गोळी बंद करायचं कारण नाही. निर्जळी धरणाऱ्याने घोटभर पाण्याबरोबर घ्यावी, हवं तर 'औषधाला दोष नाही' असं घरातल्या वडिलांकडून वदवून घ्यावं. रोजे असतील तर सहरी किंवा इफ्तारची वेळ बांधून घ्या. लघवीची गोळी चालू असताना दिवसभर पाणी बंद ठेवायचं असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. साबुदाण्याच्या खिचडीत आणि उपवासाच्या वेफरमध्ये मीठ असतं, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

पंढरीच्या वारीला किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माला चालत जाणाऱ्याने लागतील त्याहून ७ दिवसांच्या गोळ्या जास्त घ्याव्यात, दोन ठिकाणी वाटून. एक पिशवी ट्रकमधल्या सामानात, एक अंगावर. सामान मागे राहिलं की गोळीही मागे राहते.

गोळी चालू असून बीपी हटत नाही तेव्हा

चौथी गोळी जोडण्याआधी हे पाहा. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन चालू आहे का? ही औषधं मीठ-पाणी धरून ठेवतात आणि सार्टन, लघवीची गोळी या दोन्हींचा असर मारतात. सार्टन, लघवीची गोळी आणि पेनकिलर ही तिन्ही एकत्र आली की किडनीवर घाला पडतो, त्यातही ऊसतोडीच्या किंवा उन्हाळी कामाच्या दिवसांत, जेव्हा घामाने पाणी आधीच कमी झालेलं असतं. दुखण्याला पॅरासिटामॉल बरी, पण पाण्यात फसफसणारी नको, तिच्यात सोडियम असतं. पोटासाठी रोज घेतला जाणारा सोडाही तसाच. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या आणि फार दिवस घेतलेला ज्येष्ठमध बीपी वाढवतात. 'संधिवाताची देशी पुडी' घेऊन दोन दिवसांत गुडघा पळायला लागला, तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. भूक वाढते, चेहरा गोल होतो आणि बीपी वर जातं.

मीठ दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. आमटीतलं मीठ कमी करून लोणच्याची फोड, पापड, दह्या-मिठातल्या वाळवणाच्या मिरच्या आणि खारा बांगडा तसाच ठेवला तर हिशोब जमत नाही. शाळूची भाकरी पिठात मीठ न घालताही होते. बाजारात 'कमी सोडियमचं' मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. निरोगी माणसाला ते चांगलं, पण सार्टन, प्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याने, आणि किडनी कमजोर असलेल्याने, विचारल्याशिवाय ते आणू नये.

निपाणी-चिकोडी हा तंबाखूचा पट्टा, मिश्री घराघरात. 'ओढत नाही, नुसती लावते' म्हणून तिची नोंदच होत नाही. हिरडीतून निकोटीन रक्तात जातं आणि तेवढा वेळ नाडी आणि बीपी दोन्ही वर राहतात.

जुलाब-उलट्यांचे दिवस

जुलाब, उलट्या, खाणं-पिणं बंद, असा दिवस आला तर सार्टन, प्रिल आणि लघवीची गोळी तेवढे दिवस थांबवायची का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. बहुधा थांबवायलाच सांगतात, आणि नीट खाणं-पिणं सुरू होऊन १ ते २ दिवस झाले की परत चालू करतात. पाणी कमी पडलेल्या शरीरात या गोळ्या किडनी बसवू शकतात. बीटा-ब्लॉकर आणि क्लोनिडिन मात्र आपल्या मनाने सोडायच्या नाहीत. नेमकं उलटं होतं: थांबवायची ती चालू राहते आणि चालू ठेवायची ती थांबते. म्हणून हा प्रश्न पुढच्या फेरीलाच विचारून कागदावर लिहून घ्या.

दिवस राहण्याच्या वयातल्या बायका

सार्टन आणि प्रिल गरोदरपणात चालत नाहीत, बाळाच्या किडनीला इजा होते. मूल हवं असेल तर आधीच गोळी बदलून घ्या. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात भेटा. गरोदरपणात लॅबेटालॉल, मेथिलडोपा किंवा लांब असराचं निफेडिपिन देतात. २० आठवड्यांनंतर डोकं जोरात दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली दुखणं, यांसाठी दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

एकदम १८०/१२० दिसलं तर

छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तोंड वाकडं, जीभ जड, एक हात-पाय लुळा, दिसेनासं, बेशुद्धी, यांतलं काहीही असेल तर १०८. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ४.५ तासांच्या आतच देता येतं, म्हणून लक्षण कधी सुरू झालं ती वेळ लिहून ठेवा.

यांतलं काहीच नसेल तर १५-२० मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा. आजची गोळी राहिली असेल तर ती द्या आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांना भेटा. निफेडिपिनची कॅप्सूल सुईने टोचून जिभेखाली पिळायची पद्धत अजून कुठे कुठे चालते. ती करू नका. बीपी मिनिटांत धाडकन उतरतं आणि मेंदूला, हृदयाला रक्त कमी पडून पक्षाघात किंवा अटॅक येतो. बीपी उतरवायला शेजारच्याची गोळी, लसूण, लिंबू, हेही त्या घटकेला नको.

'आता नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?'

नॉर्मल आहे ते गोळीमुळे. गोळीची सवय लागत नाही, आजारच राहणारा असतो. वजन पाच-सात किलो उतरलं, मीठ-तंबाखू सुटली आणि घरचे आकडे महिनोन्‌महिने खाली राहिले, तर डॉक्टर डोस कमी करून बघतात, कधी एखादी गोळी सुटतेही. पैशांमुळे सुटत असेल तर तसं सांगा. घटक तोच ठेवून स्वस्त कंपनीची किंवा जनऔषधी केंद्रातली गोळी चालते, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात.

शेवटी ती प्लॅस्टिकची पिशवी रिकामी करा. एका कागदावर लिहा: घटकाचं नाव, मिलिग्रॅम, वेळ, कोणत्या गोळीने काय त्रास झाला (उदाहरणार्थ, 'एनालाप्रिलने खोकला'), शेवटचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, तारखेसह, दमा, मधुमेह, अ‍ॅलर्जी, घरच्या माणसाचा फोन नंबर. कागद मोबाइलच्या कव्हरमागे ठेवा आणि त्याचा फोटो मुलाच्या फोनवर पाठवा. बाकी मजकूर मराठीत चालेल, औषधांची नावं मात्र पट्टीवरून जशीच्या तशी इंग्रजी अक्षरांत उतरवा, कारण रात्री ड्युटीवर असलेले डॉक्टर मराठी वाचणारे असतीलच असं नाही.